आधी रक्त, मग धूळ

गाडीला सगळे पाव म्हणतात.
दिसतेही तशीच, दोन्ही टोकांना गोलसर,
वयानं माझ्याहून चार वर्षं मोठी,
उणे तीसमध्ये पहिल्या किल्लीला कधी ऐकत नाही.
आत भिंती, छत, बाकडं, सगळ्यावर प्लॅस्टिक;
येरकेबुलान दर सोमवारी ते बदलतो,
चिकटपट्टी दातानं तोडतो
आणि तळव्यानं सुरकुत्या काढत जातो,
पाहुणे यायचे असल्यासारखा.

तीन वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरची घंटा.
सहा नंबरमध्ये काय करतात
हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.
काही झालं तर काय करायचं, ते मात्र
चौकट करून भिंतीवर लावलंय.

रौझा. वय एक्कावन्न. काचपेटीतली नळी फुटली,
मोजा फाडून मनगटात शिरली.
ती जमिनीवर बसलेली, हात उंच धरून,
वर्गात एकटीलाच उत्तर येत असल्यासारखी.
भोवती फरशीवर पिवळी रेघ,
रेघेबाहेर चौघं,
आत कुणीच नाही.

थांबा, मोजणीवाला म्हणाला, आधी यंत्र.
यंत्र तर केव्हाचं बोलत होतं,
तापल्या तव्यावर तीळ टाकावेत तसं.
आम्हाला शिकवणारी म्हातारी डॉक्टर, लिडिया ओत्तोव्ना,
चहा फुरकत सांगायची:
आधी रक्त, मग धूळ.
धुळीला माणूस मारायला वर्षं लागतात, मुली.
रक्ताला चार मिनिटं.
मी रेघ ओलांडली.
खरं सांगते, ओलांडताना पाय उचलला.
सपाट रेघेला कुणी पाय उचलतं का?
पण उचलला, उंबरठा असावा तसा.

फाटकावर नवा पोरगा, झान्दोस. हातात कागद.
इथं सही, तिथं सही, आकडा कुठाय?
येरकेबुलान कधी ओरडत नाही.
त्यानं काच खाली केली आणि विचारलं,
तुझी आई कुठल्या इमारतीत असते रे?
दांडा वर गेला.

ऐंशी किलोमीटर. रस्ता म्हणजे नुसती खांबांची रांग,
बर्फ आडवं पळतंय, जमिनीला टेकायला तयार नाही.
दूर बस माझ्यापासून, रौझा म्हणते, लेकरं आहेत तुला.
बोलू नका, आपा.
माझे दोन्ही अंगठे तिच्या मनगटावर,
दूर कशी बसू?

बोट सुजलं. अंगठी कापावी लागली,
चिमुकल्या करवतीनं, गाडी उसळत असताना.
चांदीची, आतून झिजून कागद झालेली.
सासूनं दोन मेंढ्या विकून केली होती, ती म्हणाली.
पिवळ्या पिशवीत टाकली.
परत मिळेल ना?
हो, म्हणाले मी.
मला ठाऊक होतं ती कुठे जाते:
पिशवी पिंपात, पिंप काँक्रीटमध्ये, काँक्रीट टेकडीखाली,
आणि टेकडीवर पाटी,
जी वाचणारं तेव्हा कुणी असेल का
यावर राजधानीत एक समिती बसते.

दवाखान्याच्या मागच्या दारानं ती आत गेली,
आम्ही बाहेर.
आमचे बूट घेतले, पायमोजे घेतले,
येरकेबुलानची लोकरी टोपी घेतली, बायकोनं विणलेली.
तेव्हा मात्र तो ओरडला.
पाव तीनदा धुतला. दाराच्या मुठीशी यंत्र
तरी पुटपुटत राहिलं.
शेवटी मूठच कापली.
ते दार आता दोरीनं ओढतो.

एप्रिलमध्ये रौझा आली,
फडक्यात बांधलेले बाउर्साक डाव्या हातात.
उजव्या मनगटावर वेडीवाकडी शिवण,
आणि बोटावर एक फिकट पट्टी,
बत्तीस वर्षं ऊन न लागलेली.
मी वाट पाहत होते.
तिनं विचारलं नाही.
साखर किती, मी म्हटलं.
दोन, ती म्हणाली,
आणि कितीतरी वेळ
डाव्या हातानं ढवळत बसली.