फुटबॉल तपासला

गावाचं नाव मार्च, महिना फेब्रुवारी.
इथं नदी रस्त्याच्या वरून वाहते.
बांधावर चढलात तर होडी दिसते,
उतरलात तर तिचा तळ तुमच्या कपाळाच्या रेषेत.

रेजचं आडनाव गोटोबेड. खरंच.
'झोपायला जा' असं आडनाव लावणारा हा माणूस
तीस वर्षं रात्री-अपरात्री उठून पंप चालू करत आला.

पहिल्या दिवशी त्यानं मला पाना दिला नाही,
लाल कुलूप दिलं.
"नाव लिही. किल्ली एकच, तुझ्याच खिशात.
आयसोलेटर पाड, कुलूप घाल, मग बटण दाबून बघ.
काही होत नाही ना? आता हात घाल."
मी देवनागरीत लिहिलं, शलाका.
जाळीशिवाय कपलिंग फिरवायचं नाही, हे तो
डावा हात दाखवून सांगायचा.
त्या हाताला करंगळी नव्हती.

लोणंदला आप्पांचं रिवाइंडिंगचं दुकान.
वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
दारात जळालेल्या मोटारी, दवाखान्यासारख्या रांगेत.
गिऱ्हाईक म्हणायचं, "फुटबॉल लीक झालाय,"
आणि मी सातवीपर्यंत समजत होते
की विहिरीच्या तळाशी एक चेंडू असतो.
फूट व्हॉल्व्ह हा शब्द पुढे कॉलेजात भेटला.
हे ऐकून रेज इतका हसला की चहा गेजवर सांडला.
तेव्हापासून लॉगबुकात आम्ही तसंच लिहितो.

सक्शनचा पाइप आम्ही दोघांनी ऑगस्टात टाकला.
पंपाकडे सतत चढ, बोटभर का होईना;
मध्ये उंटाची पाठ आली की हवा तिथं ठाण मांडते,
जेवून झालेल्या पाहुण्यासारखी.
फुटबॉलच्या कानाला मी दोरी बांधली,
आप्पांची पद्धत.
रेज म्हणाला, "हे कुठल्या पुस्तकात?"
म्हटलं, कुठल्याच नाही.
त्यानं गाठ ओढून पाहिली, आणि राहू दिली.

काल रात्री पावणेतीनला फोन.
खांबावर पाणी लाल खुणेला टेकलेलं,
पलीकडे बीटाचं शेत काळं, चकचकीत.
पंप फिरत होता, पण उचलत नव्हता.
मी बंद केला. कुलूप घातलं. केसिंगला हात लागेना.
तापलेल्या लोखंडात गार पाणी ओतायचं नसतं.
पाणी चढत असताना वीस मिनिटं
पालथ्या बादलीवर बसून राहणं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग नरसाळं. एक बादली गेली. दुसरी गेली.
तिसरीही खालीच. जीभ मिटत नव्हती.
दोरीला हिसका दिला, पुन्हा दिला,
आणि खाली काहीतरी सुटलं, काडी असेल.
चौथी बादली गळ्यापर्यंत आली आणि थांबली.
हवेची चकली उघडली:
आधी फुसफूस, मग थुंकी,
मग बुडबुड्यांची धार, मग नुसतं पाणी.
चकली बंद. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह बंद.
कुलूप काढलं, बटण दाबलं.
काटा वर गेला, तिथंच उभा राहिला.
व्हॉल्व्हचं चाक पाव-पाव फेरा.
आत खडी दळल्यासारखा आवाज? नाही.
नदीच्या बाजूला पाणी पडायला लागलं.

रेज हल्ली ईलीला टेकडीवर राहतो,
म्हणतो, पुराला चढायला दम लागेल.
चार वाजता त्याला मेसेज टाकला: 'चालू झाला. फुटबॉल तपासला.'
वाटलं, सकाळी वाचेल.
लगेच उत्तर. 'ग्लँड?'

पहिल्या वर्षी मी ग्लँड आवळून आवळून
कोरडीठाक केली होती, अभिमानानं.
शाफ्ट निळा पडला. रेज काही बोलला नव्हता,
नुसतं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं होतं.

'गळतेय,' मी लिहिलं.
'मिनिटाला किती थेंब?'

बॅटरी घेतली,
मोजायला परत खाली उतरले.