तह

रात्रीचा दीड. उद्यमनगरातलं लेथ कधीच थंड झालं,
हाताला कटिंग ऑइलचा वास अजून तसाच.
चाळीस चाली ज्याला गहू पुरवला, लोखंड पुरवलं
त्या उत्तरेच्या राजानं आत्ता युद्ध पुकारलं.
कारण?
'तुमची सरहद्द आमच्या फार जवळ आली.'
अरे लगा, माझ्या कुंपणाला चिकटून
गाव तूच वसवलंस की!

त्याची चार शहरं घेतली. एक उरलंय,
त्यात एकुलता एक भालाईत.
आता म्हणतो, तह करू.
दोन बंदरं द्या, वर तीनशे मोहरा.
नको म्हटलं
तरी तोंडावर तेच ठेवणीतलं हसू.

आमच्या गल्लीतला हिंदुराव साळोखे
अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही.
पण त्याला कारण आहे. एक तर ते गटार,
आणि फायनलला त्याच्या तालमीच्या गोलकीपरला
मी जे बोललो ते.
आई गेली तेव्हा खांद्याला पहिला तोच आला.
तेरावं झालं, पुन्हा बोलणं बंद.
हिशेब लागतो त्याचा.

मशीन बंद केलं, सेव्ह न करताच.

पहाटे गंगावेशीत, म्हशीच्या धारेपाशी,
पेला हातात घेऊन तो उभा.
मला बघून मान फिरवली.

बरं वाटलं.