बत्तिसावं मरण

आजवर एकतीस वेळा मेलोय मी.
दोनदा छपरावरून, एकदा बर्फात,
बाकी सगळी मरणं जिन्याखाली, अंधारात,
तोंडातलं वाक्य अर्धंच ठेवून.

सांता क्लॅरिटाच्या टेकडीमागे
प्लायवूडचं एक शहर आहे.
मी आलो तेव्हा ते बगदाद होतं,
मग भिंतींना चुना फासून ग्रोझनी झालं,
निवडणुकीच्या वर्षी काराकास:
नुसत्या पाट्या बदलल्या
आणि भाड्याने एक पोपट आला.
ज्या वर्षी ज्या बातम्या, त्या बेताने
माझी दाढी वाढते, उतरते.
मेकअपवाली डोलोरेस ब्रश धुताधुता विचारते,
"काय ह्राइर, यंदा कुणाशी वैर?"
मी म्हणतो, वॉशिंग्टनहून अजून कळवलेलं नाही.
हसतो दोघं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही;
ग्लेंडेलच्या घराचा हप्ता पाच तारखेला जातो.

नायकाचं काम करणारा माणूस सज्जन.
गुडघेदुखीवर त्यानेच मला मलम सुचवलं.
पडद्यावर मात्र त्याच्या खिशात लेकीचा फोटो,
भुवईवर शोभेल एवढीच जखम
आणि घड्याळात कायम सातच मिनिटं.
सात मिनिटांत कायदा बघायला वेळ कुठला?
म्हणून तो माझं बोट मोडतो.
आवाज सेलरीच्या दांड्याचा असतो, मागाहून भरतात.
मी सांगून टाकतो.
दरवेळी सांगून टाकतो, आणि दरवेळी खरंच.
एवढ्या वर्षांत एकदाही
चुकीच्या माणसाचं बोट मोडलं गेलं नाही त्याच्या हातून.
शहर वाचतं.
मग पिकअप ट्रकची जाहिरात.

गेल्या ऑक्टोबरात आईला सेटवर नेलं.
वार्तूही केशिशियान, वय एक्क्याऐंशी,
माहेर बुर्ज हम्मूद, सासरही तिथलंच, तीन गल्ल्या सोडून.
सत्त्याहत्तर साली एक शिवणयंत्र आणि मला घेऊन निघाली.
त्या आठवड्यात प्लायवूडचं बैरूत झालं होतं.
काठी टेकत ती गल्लीभर हिंडली.
गोळ्यांच्या भोकांत बोट घालून पाहिलं,
बोट नाकाशी नेलं. रंगाचा वास.
मला वाटलं आता रडेल.
तिने मान वर केली, बाल्कनीकडे बघितलं.
"धुणं असं वाळत घालतात होय?
चादरी बाहेरच्या दोरीवर, अंगातले कपडे आतल्या.
गोळीबार चालू असला तरी.
समोरचे बघतात ना!"
कलादिग्दर्शकाच्या पोराने वहीत लिहून घेतलं.

त्याच भागात मला एक अख्खं वाक्य मिळालं होतं.
नवा लेखक, कोवळा, नखं खाणारा.
म्हणाला, तुमच्या पात्राला काही कारण हवं.
"आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावाची भट्टी होती,
तुमच्या विमानाला ती वरून काय दिसली असेल?"
एवढंच.
पाठ करायला काय लागतं,
तरी मी गाडी चालवताना, दाढी करताना, झोपेत म्हणत होतो.
चित्रण झालं तेव्हा नायकाने
पिस्तूल रोखून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
पहिल्यांदाच कुणी ऐकून घेत होतं.

भाग रविवारी लागला.
आई, मी, शेजारचे ओहानेसकाका,
आईच्या मांडीवर वाटीत डाळिंबाचे दाणे.
नायक दार फोडून आत शिरला
आणि आईने नेहमीप्रमाणे टाळी वाजवली,
"मार मेल्याला!"
मी शेजारीच बसलो होतो.
पडद्यावर माझे ओठ हलले.
त्यावर हेलिकॉप्टर घातलं होतं.
ओठ हलत राहिले, पाती फिरत राहिली,
मी जिन्याखाली कोसळलो,
लेकीचा फोटो खिशातून बाहेर आला, संगीत.
काका म्हणाले, "चांगलं पडतोस तू हल्ली."

आई टीव्हीपाशी सरकली होती,
जवळजवळ काचेला नाक लावून.
माझ्या प्रेताच्या वर, मागे, धुरात
कोपऱ्यात काहीतरी पांढरं हलत होतं.
"बघ," ती म्हणाली,
"चादरी नीट घातल्यात."