चौथा रकाना

मंगळवारी जन्मले म्हणून तलातू.
काम: मेलेली झाडं मोजणं.
कागदावर तसं म्हणत नाहीत.
कागदावर आहे ‘जगलेल्या रोपांची पाहणी’,
दिवसाला तीन हजार फ्रँक,
मोटरसायकलचं पेट्रोल वेगळं.

वहीत तीन रकाने. जिवंत, मृत, गायब.
गायब म्हणजे खड्डा आहे
आणि खड्ड्यात काही नाही.
शेळीनं खाल्लं असेल, हरमटननं वाळूत पुरलं असेल,
किंवा कुणा पोरानं रोप फेकून
काळी पिशवी तेवढी नेली असेल
शेंगदाणे भरायला.

मारादीपासून दोन तास उत्तरेला
बाराशे खड्डे, एका ओळीत एक.
गेल्या पावसात लावणी झाली तेव्हा
साहेबांच्या गाडीमागून पाण्याचा टँकर आला होता.
तो एकदाच आला.
वरून, विमानातून, फार सुरेख दिसत असणार.

दुपारपर्यंत जिवंत: एकोणीस.
त्यातली चार मी पदरची धरली.
खोड नखानं खरवडलं तर
आत हिरवट काही असल्याचा भास झाला, म्हणून.

नियामेत शिकवलंय आम्हाला,
छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची,
आकडा सूत्रात घालायचा,
झाडानं किती धूर गिळला ते निघतं.
कुणाचा धूर, ते सूत्रात नाही.
आमच्या गावात एक पंप आणि चार मोटरसायकली,
त्यातली एक ही.

शेजारच्या शेतात म्हातारा इरो
वाकून काहीतरी तोडत होता.
सान्नू म्हटलं, आणि म्हटलं, बाबा, तोडू नका,
तोडणं आमच्या वहीत बसत नाही.
तो म्हणाला, मग वही खाली ठेव आणि इकडे ये.

बाजरीच्या सडांमध्ये एक बुंधा, तळहाताएवढा,
त्यातून पंचवीस-तीस फुटवे,
न विंचरलेल्या डोक्यासारखे.
त्यानं तीन ठेवले, सरळसे.
बाकीचे कोयत्यानं उडवले, चुलीसाठी बाजूला टाकले.
‘हा माझ्या आजोबाच्या वेळचा.
दरवर्षी पेरणीआधी आम्ही कापायचो,
दरवर्षी हा वर यायचा.
चाळीस वर्षं भांडलो.
मग मीच दमलो.’

पलीकडे त्याचा गावो उभा होता,
मार्चच्या उन्हात गच्च हिरवा.
पावसाळ्यात हा पानं टाकतो,
सगळं रान नेसतं तेव्हा हा उघडा,
म्हणून खालच्या बाजरीला ऊन कमी पडत नाही.
उलट्या डोक्याचं झाड.
त्याला कुणी लावलं नाही,
टँकर नाही, फलक नाही, फोटो नाही.
मातीखाली अख्खं रान दम धरून होतं
आणि आम्ही त्याच्यावर खड्डे खणत होतो.

मी मोजू लागले. सत्तर. एकशे दहा.
इरोची सून देलू पाणी घेऊन आली, म्हणाली,
विहिरीकडचे राहिले.
दोनशे चौदा.
फितीच्या डबीची कड लावून
मी वहीत चौथी रेघ ओढली
आणि वर लिहिलं: आधीपासून.

दहा दिवसांनी वही परत आली.
लाल शाईत: हा रकाना नमुन्यात नाही.
एकोणीस फारच कमी वाटतात,
कृपया पुन्हा मोजा.

पुन्हा मोजली. सतरा.

रविवारी आईच्या शेतात कोयता घेऊन गेले.
आई म्हणाली, इथं कुठलं आलंय झाड.
शोधावं लागलं नाही.
लहानपणी शेळ्यांमागे अनवाणी धावताना
ज्या जागी हमखास ठेच लागायची,
तिथंच होता तो,
वाळूच्या बोटभर वर.
अंगठ्यावर वण अजून आहे.