साडेचार

मे महिना, दुपारचे अडीच.
उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत
मी स्की उतरवून घेतल्या.
रिक्षावाल्यानं विचारलं होतं, "पडद्याच्या पट्ट्या काय ताई?"
हो म्हटलं. खरं सांगायला
रंकाळ्याला एक वेढा जास्त पडला असता.

इस्माईल मुजावर लेथ थांबवतात,
वेस्टला हात पुसतात,
फळीवर टिचकी मारून कान देतात.
"आत लाकूड हाय."
हाय. कडेला पोलाद, वर फायबर.
"मग भोक एकदाच. चुकलं की जळण."

कामाच्या टेबलावर, लोखंडाच्या बुऱ्यात, दोन जोड.
एक माझा जुना: जड, टाच जखडून ठेवणारा.
गंडोल्यानं वर जा, घसरत खाली या,
पुन्हा रांगेत उभं राहा, त्यासाठी.
दुसरा अनघा मगदूमचा. नुसत्या दोन पिना पुढं,
टाच मोकळी, चढावर चालता येईल अशी;
माथ्यावर पोचलं की फिरवून बंद करायची.
तिनं स्की सोडली. का, ते मी विचारलं नाही.
तिसरा फक्त कागदावर: चढतोही, धरतोही,
आणि किंमत ऐकून मामा म्हणाले,
"एवढ्यात माझी ड्रिल मशीन येती."

शेजारच्या अडत्याच्या काट्यावर,
जिथं सकाळी गुळाच्या ढेपा तोलल्या होत्या,
आम्ही दोन्ही जोड ठेवले.
जुना सव्वादोन किलो. पिनांचा सहाशे ग्रॅम.
हाताला गूळ चिकटला, तो मी चाटला.
"ह्यो एवढुसा धरंल?"
धरतो. प्रश्न धरण्याचा नव्हताच कधी.

अफरवटच्या उतारावर, तीन वर्षांपूर्वी,
जुन्या जोडाचा स्क्रू मीच पिळला होता.
सातावर. कुणी सांगितलं नव्हतं.
सगळे पुरुष आठावर होते.
बाइंडिंगनं सोडलं नाही,
म्हणून गुडघ्यानं सोडलं.

मामांनी तक्ता भिंतीला चिकटवला, चष्मा वर घेतला.
वजन? साठ.
उंची? एकशे एकसष्ट.
बुटाचा तळ? त्यांनीच कॅलिपर लावला: दोनशे पंच्याऐंशी.
कशी चालवता: सावध, बरी, का बेफाम?
बरी, म्हटलं. (घशाशी बेफाम आलं होतं.)
"साडेपाच," बोट आकड्यावर थांबलं,
मग खालच्या बारीक ओळीवर.
"वय?"
एकोणपन्नास.
चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
"मी आधार कार्ड मागत न्हाई, ताई.
स्प्रिंग मागती."

पन्नास. मार्चमध्ये झाली.

बोट एक ओळ वर सरकलं, आकडा खाली आला.
पन्नाशीनंतर लवकर सोडावं, असं तक्ता म्हणतो.
कारण देत नाही. तक्त्यांना गरज नसते.

मग मधली खूण, कागदी साचा, पंचचा ठोका,
बिटला नऊ एमएमवर चिकटपट्टी.
लाकडाचा भुगा निघाला, पांढरा, दोन चिमटी.
तौसिफनं तो तळहातावर घेऊन फुंकला,
"बर्फ!" म्हणाला. गल्लीत तेवढाच पडला.

मी बूट चढवले. एक्केचाळीस डिग्रीत
पाय आत उकडत होते रताळ्यासारखे.
ह्याच बुटांनी महिनाभर जोतिबाचा डोंगर चढलेय मी,
नारळवाल्या बाईनं दर रविवारी विचारलंय,
"प्लास्टर कधी काढणार?"

पुढं पिनांनी धरलं. टाच फिरवून बंद केली.
मामांनी बुटाच्या कडेवर तळवा हाणला.
खट्.
मोकळी.
पुन्हा बसवली, पुन्हा हाणला. खट्.
"असं सुटाय पायजे," ते स्वतःशीच म्हणाले,
आणि पंपाच्या सुट्या भागांवर लिहितात तसं
पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं: ४.५, मॅडम.

पैसे तीनशे. चहा त्यांचा.

रात्री स्की बाल्कनीत, दोरीवरच्या टॉवेलांमागं.
मी उठले, ड्रॉवर उघडला.
स्क्रूड्रायव्हर सापडला नाही असं नाही.
स्क्रूच्या खाचेत बरोबर बसला.
बराच वेळ तसाच धरून उभी होते.