अर्धी करंगळी

नारीनच्या आमच्या प्रसूतिगृहात
बापांना आत सोडत नसत तेव्हा.
ते खाली बर्फात उभे राहून
तिसऱ्या मजल्याला हाका मारायचे:
कोणावर गेलंय गं?
वरून दोरी सुटायची,
सुपाची बरणी डुलत वर यायची,
आणि मी, रात्रपाळीची सुईण,
एकेक गाठोडं काचेशी धरायचे.

कुबातला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.
लेक पेटीत, नळ्यांमध्ये.
बुरुल तिथेच स्टुलावर,
थेंब थेंब दूध पिळत,
कोणाशी चकार शब्द नाही.

म्हणून मी बोटं दाखवायचे.
शंभर ग्रॅमला एक.
दोन्ही पंजे, वर एक: अकरा.
दुसऱ्या दिवशी अकराच.
मग नुसते पंजे.
त्यानं हातमोजे काढले
आणि स्वतःच्या बोटांवर पुन्हा मोजलं,
चूक माझीच असावी तसं.

तीन आठवड्यांनी बारा भरले,
वर पन्नास.
आता पन्नासाचं काय करायचं?
मी करंगळी अर्धी मुडपली.
खाली तो नुसता बघत राहिला.

मागून बुरुल आली,
पहिल्यांदाच खिडकीशी.
माझी करंगळी धरून सरळ केली.
म्हणाली, उद्यापर्यंत होईल तेवढी.

वजनात मी कधी खोटं दाखवलं नाही.
तेवढं एकदा.