दुसरी पायरी

ग्लिसरीन मी पाषाणच्या मेडिकलमधून आणत नाही,
हे आधीच सांगते, कारण आत्तारकाका दर वेळी विचारतात.
आमचं सीलबंद येतं, पावतीसकट.
त्यांचं वीस रुपयांचं, निळ्या झाकणाचं,
बर्नरसमोर तडकलेल्या ओठांना लावायचं.
रेणू मात्र तोच. तीन हातांचा.

काका प्रयोगशाळेची काच फुंकतात, एकतीस वर्षं.
जुन्या खिडक्यांची काच हळूहळू खाली ओघळते म्हणतात,
खरं का, मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
ओघळणारी काच नारिंगी असते, पोरी.
गार काच कुठं जात नाही.

काच म्हणजे थांबलेला द्रव.
बर्फासारखी कवायत नाही, रांग नाही,
जो जिथे होता तिथेच,
अर्ध्या वळणात,
मागे बघायचं राहून गेलेलं.
ग्लिसरीनचं हे होतं शून्याखाली त्र्याऐंशीच्या आसपास.
बाटलीत. ते सगळ्यांना ठाऊक आहे.
मला भोकांतलं बघायचं होतं.

पांढरी पावडर, फुंकरीनं उडणारी.
मीटरचे अब्ज तुकडे करा, त्यातले चार,
एवढ्या रुंदीची बोळं तिच्या आत.
एका ग्रॅममधल्या भिंती उलगडून अंथरल्या
तर पाच हजार चौरस फूट.
बाणेरच्या भावानं काढून बघितलं मी एकदा.
राहते सुतारवाडीत, जिन्याखाली, दहा बाय आठ.

देवस्थळी सरांनी फळ्यावर समजावलं होतं:
गारठ्यात एका रेणूला कूस बदलायची
तर शंभर शेजाऱ्यांची संमती लागते.
सहकारी सोसायटीच ती,
कोरम भरत नाही, ठराव पडून राहतो.
बोळात शंभर शेजारी मावतच नाहीत,
आठ-दहा जणांत भागतं,
म्हणून कोंडलेले उशिरा थिजणार.
आलेखात एक पायरी, जराशी डावीकडे सरकलेली.
तेवढी दाखव आणि लिहायला घे.

मला दोन आल्या.

एक डावीकडे, सर म्हणाले तशी.
दुसरी उजवीकडे, बाटलीपेक्षाही आधी थिजणारी.
घाण असेल, सर म्हणाले.
धुतली पावडर, रात्रभर दीडशे अंशांवर भाजली,
चिमटीएवढी ॲल्युमिनियमची डबी पुन्हा दाबून बंद केली,
द्रव नायट्रोजनचा कॅन लोखंडे वॉचमननं ढकलू लागला,
पहाटे तीनला पुन्हा दोन.

मग कळलं. भिंतीही काचेच्याच,
आणि त्यांनाही हात आहेत.
कडेच्या रेणूंनी भिंत धरली आणि लवकर थांबले.
मधले आकसू बघत होते, थंडीत आकसतंच सगळं,
पण कडेचे सोडेनात,
म्हणून मध्ये उलट सैल पडलं,
आणि त्या सैलात ते हलत राहिले,
बाहेर बाटलीत सगळं गप्प झाल्यावरसुद्धा.

उदगीरहून आई फोनवर विचारते, खोली पुरते का गं.
पुरते म्हणते.
इथे काहीतरी जोडून दाखवायचा मोह होतो,
पण रेणूंना आई नसते, आणि मला
भाड्याची पावती अजून मिळालेली नाही.

जानेवारीत भिंतींना तेलकट लेप दिला,
धरायला काही उरलं नाही.
उजवीकडची पायरी गेली.
उरलेली आणखी डावीकडे सरकली, गुळगुळीत, सुबक,
सरांना हवी होती तशी.
आता छान दिसतंय, ते म्हणाले.
जुना आलेख मी तरीही ठेवला, पान सत्तेचाळीसवर,
खाली पेन्सिलीनं तारीख.

काकांना हे सगळं सांगितलं त्यांच्या वर्कशॉपच्या दारात.
त्यांनी निळं झाकण उघडलं, बोट फिरवलं ओठांवरून.
म्हणजे ह्या भेगांत गेल्यावरही
ते असंच वागत असेल?
भेगा मोठ्या आहेत, काका, मी म्हटलं.
फार, फारच मोठ्या.
ते हसले,
आणि ओठ पुन्हा तिथेच तडकला.